शेजाऱ्याचं झाड आपल्या छपरावर: कापायचं कुठे आणि विचारायचं कुणाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजाऱ्याच्या आवारातल्या मोठ्या झाडाच्या दोन-तीन जाड फांद्या भिंत ओलांडून आपल्या छपरावर आल्या आहेत. पानांनी पन्हळी तुंबतात, वारा सुटला की एक फांदी छपराला घासते, भिंतीलगतच्या फरशा मुळांनी उचलल्या आहेत. शेजारी म्हणतात, "झाडाला हात लावायचा नाही." मग आपल्या बाजूला आलेलं सगळं भिंतीच्या रेषेत सरळ उडवून टाकलं तर चालेल का?

दोर बांधून झाडावर चढण्यात आणि छाटणीत माझी पंचवीसेक वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी कामं अशाच भांडणांतून आलेली. उत्तर आधी देतो. कायद्याने बऱ्याच ठिकाणी चालेल, पण झाडाच्या दृष्टीने जवळपास कधीच चालत नाही. भिंत कुठे आहे हे झाडाला ठाऊक नसतं. फांदी जिथे कापायला हवी, ती जागा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या बाजूला, भिंतीपासून दोन-तीन मीटर आत असते. त्यामुळे शेजाऱ्याशी बोलणं हा निव्वळ शिष्टाचार उरत नाही. काप नीट घ्यायचा तर शिडी त्यांच्या आवारात लागते, आणि ती त्यांच्या परवानगीशिवाय लागत नाही.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एकदा निरखून पाहा. बुडाशी सालीचा किंचित फुगीर वळा दिसेल आणि वरच्या बेचक्यात सालीची एक खरखरीत घडी. त्या फुगवट्याला आम्ही कॉलर म्हणतो. तिथे खोडाचं लाकूड फांदीभोवती गुंडाळलेलं असतं, आणि फांदी मेली किंवा तुटली तर कुजवणाऱ्या बुरशीला खोडात शिरू न देणारी तटबंदी तिथेच उभी राहते. अमेरिकेच्या वनसेवेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतली कुज कुठून सुरू होते आणि कुठे थांबते ते पाहिलं. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची मांडणी आज आमच्या धंद्याचा पाया आहे. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. इजा झालेलं लाकूड पुन्हा धड होत नाही. झाड त्याला चारी बाजूंनी कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. कॉलरच्या जरा बाहेर काप घेतला तर हे कोंडणं नीट होतं. कॉलरच कापून काढली तर तट पडला, आणि लांब खुंट ठेवला तर नवं लाकूड टोकापर्यंत पोचतच नाही. खुंट मरतो, कुजतो आणि कुज आत नेतो.

भिंतीच्या रेषेतला काप म्हणजे हमखास खुंट.

एका घरी पाहणीला गेलो होतो. तिथल्या आधीच्या मालकाने आठेक वर्षांपूर्वी शेजारच्या झाडाच्या चार फांद्या ओळंबा धरल्यासारख्या भिंतीवरच कापून घेतल्या होत्या. आता प्रत्येक खुंटाच्या टोकाला मनगटाएवढ्या जाड धुमाऱ्यांचा झुपका होता. खालून पाहणाऱ्याला झाड अगदी तजेलदार वाटेल असं. वर चढून एका खुंटात स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. असे धुमारे सालीखाली निजलेल्या डोळ्यांतून फुटतात. मूळ फांदी खोडात जशी खोलवर धरलेली असते, तसे हे नसतात. बाहेरच्या थोड्याशा लाकडालाच काय ते चिकटलेले. म्हणजे जिथे पूर्वी एक भक्कम फांदी होती, तिथे आता कुजक्या पायावर सात-आठ वासे उभे होते, आणि तेही बरोबर छपराच्या वर. आधीच्या मालकाने पैसे मोजून धोका विकत घेतला होता.

कापाची रीतही सांगून ठेवतो, म्हणजे काम करणारा माणूस काय करतोय ते तुम्हाला कळेल. २० सेंटिमीटर जाडीच्या ओल्या फांदीचा एक मीटर तुकडा साधारण ३० किलो भरतो. तीन मीटरची फांदी म्हणजे ९० किलो, वर पानं आणि डहाळ्या वेगळ्या. ती वरून एका दमात कापायला गेलात की अर्ध्यावर कडकन मोडते आणि जाताना खोडावरची साल हातभर सोलून नेते. म्हणून तीन काप. पहिला बुंध्यापासून फूट-दीड फूट लांब, खालच्या अंगाने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. इथे वजन उतरतं, आणि साल सोलायला लागलीच तर पहिल्या कापाशी थांबते. उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापात कॉलरच्या बाहेरून काढायचा. खाली छप्पर असेल तर तुकडे दोराला बांधून सावकाश उतरवायचे. कापावर डांबर किंवा रंग फासायचा आग्रह धरू नका. दिसायला काळजी घेतल्यासारखं वाटतं, पण कुज त्याने थांबत नाही. उलट आतला ओलावा कोंडला जाण्याची शक्यता जास्त.

आता दिलासा देणारी गोष्ट. अख्खी फांदी काढावी लागतेच असं नाही. पुष्कळदा ती आखूड करून भागतं. मात्र आखूड करायची तीही एखाद्या उपफांदीपर्यंत, आणि ती उपफांदी निदान मूळ फांदीच्या एक तृतीयांश जाडीची हवी. तेवढी असेल तर ती पुढे टोकाची जागा घेते, रस ओढते, काप जिवंत राहतो. त्याहून बारीक डहाळीवर काप संपवला तर तो खुंटच, नाव फक्त वेगळं. तुमच्या छपरावर आलेल्या फांदीला भिंतीच्या आसपास अशी जाड उपफांदी, वरच्या दिशेने किंवा छपराला बगल देऊन जाणारी, आहे का ते बघा. असेल तर अर्धं भांडण तिथेच मिटलं.

एका वर्षात झाडाची पाव हिश्शाहून जास्त जिवंत पानं जाता कामा नयेत. वय झालेल्या झाडाची त्याहूनही कमी. पानं हीच झाडाची कमाई, ती तोडली की ते साठवलेल्यावर जगतं. आणखी एक वाईट खोड आहे. आतल्या सगळ्या डहाळ्या साफ करून टोकाला तेवढा झुपका ठेवायचा, सिंहाच्या शेपटीसारखा. "हवा खेळती राहते," असं त्याचं समर्थन केलं जातं. प्रत्यक्षात सगळं वजन आणि सगळा वारा फांदीच्या टोकाला जातो आणि पुढच्या वादळात तीच फांदी मधोमध मोडते. एकाच बाजूने सपासप छाटलेल्या झाडाचंही तसंच. तुमच्याकडचा भार गेला की तोल दुसरीकडे झुकतो, आणि दुसरीकडे शेजाऱ्यांचं घर आहे. हे त्यांना कळतं, म्हणूनच ते नाही म्हणतात. सगळे नाही, पण बरेच.

शेजाऱ्यांच्या दारात जाण्याआधी आपल्याला नेमकं काय टोचतंय ते स्वतःशी ठरवा. "झाड फार वाढलंय" ही तक्रार नव्हे, तो वैताग आहे. पन्हळी तुंबतात तर जाळी बसवणं छाटणीपेक्षा स्वस्त आणि जास्त टिकाऊ. पाव हिस्सा फांद्या काढल्या तरी उरलेल्या तीन हिश्शांची पानं गळायचीच, आणि वारा भिंत बघून वाहत नाही. अंधार पडतो म्हणाल तर बेताने विरळणी करून थोडा उजेड मिळतो, पण धुमारे वाढले की दोन-तीन वर्षांत बराचसा परत जातो. घासणारी फांदी ही मात्र खरी तक्रार. तिचं अंतर कोरड्या, निवांत दिवशी मोजू नका. पाऊस थांबल्या-थांबल्या मोजा. ओल्या पानांच्या वजनाने लांब फांदीचं टोक चांगलं हातभर खाली येतं, फळं धरली असतील तर आणखी. नंतर वारा असताना ती वर-खाली किती डोलते ते बघा. एवढं सगळं धरून मग किती मोकळी जागा हवी ते ठरवायचं.

धोक्याचं प्रकरण वेगळं. वाळलेली जाड फांदी, बुंध्यावर किंवा मुळाशी पंख्यासारखी फुटलेली कडक बुरशी, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखं अरुंद बेचकं आणि त्यात आत दुमडलेली साल, फांदीवर लांबीला गेलेली चीर, झाड कललेलं आणि कलत्याच्या उलट बाजूची माती नुकतीच उचललेली, यांतलं काही दिसलं तर वाट बघू नका. नुसतं कललेलं झाड धोकादायकच असतं असं नाही. वर्षानुवर्षं तिरपं वाढलेलं झाड जास्तीचं लाकूड घालून स्वतःला सांभाळतं. भीती असते ती ताज्या कलण्याची. ढोली दिसली म्हणूनही लगेच घाबरायचं कारण नाही. बाहेरचं लाकूड पुरेसं जाड असेल तर पोकळ झाडं अनेक दशकं उभी असतात. लाकडी हातोडीने बुंधा ठोकून आवाज ऐकणं ही पहिली चाचणी. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक नवख्यालाही कळतो, किती पोकळ ते मात्र जाणकाराने सांगावं. आणि हो, धडधाकट फांदीही कधी कधी उन्हाळ्यातल्या कडक, वारा पडलेल्या दुपारी आपोआप तुटते. याचं पुरतं समाधानकारक स्पष्टीकरण आजवर कुणी दिलेलं नाही. त्यामुळे लांब आडव्या फांदीखाली मुलांची खेळायची जागा करू नका, एवढंच मी सांगतो.

आता बोलणं. माझा अनुभव असा की दारात उभं राहून झालेलं बोलणं फिसकटतं आणि झाडाखाली उभं राहून झालेलं जमतं. दारात "तुमचं झाड" आणि "आमचं छप्पर" असतं. झाडाखाली सगळ्यांना एकच फांदी दिसते. मी एक युक्ती वापरतो. काढायच्या फांद्यांना आधीच रंगीत चिंध्या बांधतो आणि मालकांना बोलावतो. एका ठिकाणी झाडाच्या मालकीणबाई, सत्तरीच्या, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"किती कापणार?"

"तीन चिंध्या दिसतात ना आजी, तेवढ्याच. चौथी लागली तर आधी तुम्हाला विचारणार."

त्यांनी वर बघितलं, झाडाला एक फेरी मारली. "ही मधली नको. हिच्यावर दरवर्षी घरटं असतं."

मधली चिंधी सोडून त्यांच्या हातात दिली. उरलेल्या दोन फांद्यांवर त्या काही बोलल्या नाहीत आणि काम झालं. तसं बघितलं तर छपराला घासणारी फांदी मधली नव्हतीच. माणसाला नकाराचा अधिकार कुठेतरी वापरायला मिळाला की बाकीचं सुकर होतं. घरट्याची बाबही खोटी नव्हती. विणीच्या दिवसांत छाटणी टाळावी, आणि कित्येक देशांत वापरातलं घरटं पाडणं गुन्हा आहे. झाडाच्या बाजूनेही नवी पालवी फुटण्याचा ऐन काळ टाळलेला बरा, कारण साठवलेलं सगळं तेव्हा पालवीत गेलेलं असतं. वाळलेली फांदी मात्र केव्हाही काढावी.

बोलणं झाल्यावर दोन ओळी लिहून द्या. कोणत्या फांद्या, कुठपर्यंत, कोण कापणार, खर्च कुणाचा, राडारोडा कोण उचलणार. वाळलेली किंवा चिरलेली फांदी असेल तर तारखेसह फोटो जोडून लेखी कळवाच. फांदी पडून नुकसान झालं तर झाडमालकाला धोका माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी आधी विचारला जातो. तुमच्या पत्रामुळे "आम्हाला कल्पनाच नव्हती" हा रस्ता बंद होतो. खर्चाचं म्हणाल तर निम्मा-निम्मा मागण्यापेक्षा घासणाऱ्या फांदीचा खर्च आपण उचलावा या मताचा मी आहे. छप्पर दुरुस्तीपुढे तो नेहमीच किरकोळ असतो.

कायद्याकडे येऊ. हे भांडण इतकं जुनं आहे की रोमन लोकांच्या बारा पाट्यांच्या कायद्यातही शेजाऱ्याच्या झाडाचे नियम होते. आज देशोदेशी वेगवेगळं आहे. इंग्लंडमध्ये १८९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने 'लेमन विरुद्ध वेब' या खटल्यात ठरवलं की आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत कापायला आधी कळवण्याची गरज नाही, मात्र शेजाऱ्याच्या जमिनीत पाय ठेवायचा नाही. फांदी आणि तिच्यावरची फळं तरीही झाडमालकाचीच. जर्मनीत फांदीसाठी आधी वाजवी मुदत द्यावी लागते, आणि तुम्हाला काही त्रासच होत नसेल तर कापण्याचा हक्कच नाही. तुमच्या जमिनीवर आपोआप पडलेलं फळ मात्र तिथे तुमचं. फ्रान्समध्ये मुळं स्वतः तोडता येतात, पण फांदी मालकाकडूनच कापवून घ्यावी लागते. जपानमध्येही फांद्यांबाबत तसंच होतं. तिथे एप्रिल २०२३ पासून, सांगूनही मालकाने वाजवी काळात काही केलं नाही तर शेजाऱ्याला कापायची मुभा मिळाली.

याच्याही वर झाडांच्या संरक्षणाचे कायदे असतात आणि लोक नेमके तिथे अडकतात. महाराष्ट्रातल्या शहरांसाठीच्या १९७५ च्या कायद्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. तिथे गाठ शेजाऱ्याशी नसून वृक्ष प्राधिकरणाशी असते. इंग्लंडमध्ये संरक्षणाचा आदेश असलेल्या झाडाची तुमच्याकडे आलेली फांदीही सहसा परवानगीशिवाय कापता येत नाही. म्हणून करवत हातात घ्यायच्या आधी झाड संरक्षित आहे का, एवढं स्थानिक कार्यालयात विचारा.

मुळांबद्दल मला जास्त सावध करायचं आहे. चुकीची फांदी कापली तर झाड कुरूप होतं, चुकीचं मूळ तोडलं तर झाड पडतं. मुळं फांद्यांच्या घेराइतकीच पसरतात हा समज खोटा. ती घेराच्या दुप्पट, कधी तिप्पट लांब जातात आणि बहुतेक सगळी वरच्या दोन फूट मातीत असतात, कारण हवा तिथेच मिळते. बांधकामाच्या वेळी झाडाभोवती किती जागा राखायची यासाठी ब्रिटिश मानकात सोपा हिशेब आहे. दीड मीटर उंचीवर बुंध्याचा जो व्यास, त्याच्या बारा पट त्रिज्या. अर्धा मीटर व्यासाच्या झाडाला सहा मीटर. तुमच्या उचललेल्या फरशा बहुधा त्या वर्तुळात आहेत. कॅलिफोर्नियात एकाने भिंतीलगत, स्वतःच्याच जमिनीत, तीन फूट खोल खणून शेजारच्या पाइनची मुळं तोडली. झाड अस्थिर झालं म्हणून मालक कोर्टात गेला. १९९४ साली अपील न्यायालयाने सांगितलं की आपल्या जमिनीवरचा हक्कही बेलगाम नसतो, शेजाऱ्याचा विचार करून वाजवीपणेच वागावं लागतं.

फरशांवर उपाय साधा आहे. त्या उचला, मुळाला हात न लावता वाळूचा थर वाढवा, हलका उतार देऊन पुन्हा बसवा. मूळ जाड होत राहणार, तेव्हा काही वर्षांनी हे परत करावं लागेल. ड्रेनेजच्या पाइपात मुळं निघाली तर दोष आधी पाइपात शोधा. मूळ धड पाइप फोडून क्वचितच शिरतं, गळक्या सांध्यातून ओलावा मिळाला की त्या वाटेने घुसतं. मूळ कापून सांधा तसाच ठेवला तर ते पुन्हा हजर.

विजेची तार फांद्यांमधून किंवा जवळून जात असेल तर तुम्ही नाही, मी नाही, वीज कंपनीचाच माणूस. ओली फांदी वीज वाहून नेते.

आणि माणूस निवडताना एकच गोष्ट ऐका. "किती फूट कमी करू?" असा पहिला प्रश्न आला तर आभार मानून निरोप द्या. "त्रास कसला होतोय?" असं विचारून जो झाडाभोवती फिरतो आणि शेवटचा काप नेमका कुठे येणार ते बोट ठेवून दाखवतो, तो तुमचा माणूस. बुटांना खिळे लावून जिवंत झाडावर छाटणीसाठी चढणाराही नको. प्रत्येक पावलागणिक तो एक जखम करतो.

हे सगळं करूनही शेजारी ऐकत नसतील, तुमच्याकडचा कायदा परवानगी देत असेल आणि झाड संरक्षित नसेल, तर फक्त घासणारी फांदी घ्या. आपल्या बाजूने, हद्दीच्या आत, जी पहिली पुरेशी जाड उपफांदी सापडेल तिथपर्यंतच. उपफांदी नसेल तर जिवंत डहाळ्या ठेवून टोकाचं वजन थोडं थोडं कमी करा, दोन-तीन हंगामांत विभागून. कापलेलं भिंतीपलीकडे फेकू नका. लाकूड त्यांना हवंय का ते विचारा आणि नको म्हणाले तरच उचलून न्या. बाकीच्या फांद्यांना मात्र चिंध्या बांधून ठेवा. शेजाऱ्यांना त्या रोज खिडकीतून दिसतील, आणि माझ्या पाहण्यात अशा चिंध्यांबद्दल विचारायला झाडाचा मालक महिनाभरात आपण होऊन आलेला आहे.